दादांचे बारा सेकंद

सांगलीच्या पेठेतील आमच्या किराणा-भुसार दुकानास २०२४ साली ६० वर्षे पूर्ण झाली. वडिलांनी १९६४ मध्ये हे दुकान थाटले आणि पुढल्याच वर्षी त्यांची प्रकृती ढासळल्यामुळे, नुकतेच अकरावी मॅट्रिक झालेले माझे थोरले बंधू गादीवर बसले. ते २०१८ च्या जानेवारीत, जग सोडून जाईपर्यंत, तेथून उठले नाहीत. मी एम. कॉम. होऊ शकलो, बँकेत अधिकारी होऊन निवृत्त होऊ शकलो, तो त्या बैठकीच्या जोरावर. हे येथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

साठीच्या निमित्ताने पुतण्याने दुकानाचे संकेतस्थळ करावयास घेतले. हळद, गूळ, बेदाणा यांचे भाव, माल मागविण्याचा तक्ता, दुकानाचा इतिहास असा सगळा संसार त्यात होता. पहिल्या पानावर सर्वांत वर काय असावे, याविषयी घरात दुमत नव्हते. दादा गादीवर बसून पुडी बांधत आहेत असे बारा सेकंदांचे चित्रण माझ्या नातीने २०१५ साली, शाळेच्या सुट्टीत, माझ्या साध्या फोनवर टिपले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी दुकानात शिरले तेव्हा गल्ल्याखालच्या कपाटातील वह्यांबरोबर छायाचित्रांचे संग्रहही गेले. काम करीत असलेले दादा आता या बारा सेकंदांतच उरले होते. नातीने त्याचे हलते चित्र करून दिले. आपोआप सुरू होणारे, संपले की पुन्हा पहिल्यापासून चालणारे, ज्याला मुले ‘जिफ’ म्हणतात ते.

पान तयार झाले. माझ्या पुण्याच्या घरी ते झोकात उघडले. वहिनींच्या फोनवर मात्र उघडले नाही.

वहिनी आता तासगाव तालुक्यातील आमच्या मूळ गावी असतात. घरात फोनला ताकद नाही. ओसरीच्या एका खांबापाशी उभे राहिले तर थोडी मिळते. फोन जुना, पुतण्याने वापरून दिलेला. त्यांनी खांबाला टेकून पाव तास वाट पाहिली. हळदीचा भाव आला, गुळाचा आला. वर एक पांढरा चौकोन तसाच राहिला. “भाऊजी, सगळं आलं, तेवढे हे नाही आले,” असे त्यांनी मला फोनवर सांगितले. त्या दादांना ‘हे’ म्हणत, अजूनही म्हणतात.

मी पुतण्याला विचारले. त्याने तक्रारींची यादीच वाचून दाखविली. खेड्यातील किरकोळ दुकानदार, म्हणजे आपले खरे गिऱ्हाईक, पान उघडेपर्यंत थांबत नाहीत. संकेतस्थळ करणाऱ्या मुलाने स्पष्टच सांगितले होते की, पान जड होण्याचे कारण ते एकटे चित्र आहे. “काका, ते २४ एमबीचं आहे. एक एमबीच्या आत येत असेल तर ठेवू. नाहीतर बाबांचा साधा फोटो लावतो.” तो व्यापारी आहे आणि त्याचे बरोबर होते. दुकानाच्या दारात गिऱ्हाईक ताटकळत ठेवणे दादांनाही चालले नसते.

मी त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली.

चोवीस मेगाबाईट म्हणजे किती, हे माझ्या पिढीच्या बँकवाल्याला फ्लॉपीच्या हिशेबाने चटकन कळते. नव्वदीच्या दशकात आमच्या शाखेची विवरणपत्रे १.४४ मेगाबाईटच्या फ्लॉपीवर मुख्य कार्यालयाला जात. एका फ्लॉपीत अख्ख्या शाखेचे आकडे मावत आणि वर जागा उरे. दादांच्या बारा सेकंदांना तशा १७ फ्लॉप्या लागल्या असत्या. एक पुडी बांधण्याला इतकी जागा का लागावी, हा प्रश्न मला जमाखर्चाच्या माणसाला पडतो तसा पडला. खर्च वाढला असेल तर आधी खतावणी उघडून तो कोणत्या खात्यावर पडतो आहे ते पाहायचे, कात्री त्यानंतर.

हलते चित्र म्हणजे पुष्कळशा स्थिर चित्रांची चवड. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. मी तिला चौकट म्हणेन. नातीच्या चित्रात सेकंदाला १५ याप्रमाणे १८० चौकटी होत्या. प्रत्येक चौकट ६४० ठिपके रुंद आणि ४८० ठिपके उंच, म्हणजे ३,०७,२०० ठिपक्यांची. सगळे मिळून साडेपाच कोटींवर ठिपके. एकेका ठिपक्याला एकेक बाईट धरला तर ५५ मेगाबाईट व्हावेत. प्रत्यक्षात २४ झाले होते. म्हणजे कोणीतरी आधीच निम्म्याहून अधिक बचत करून ठेवली होती. ती कशी, हे समजल्यावर मला फार आनंद झाला, कारण ती रीत आपल्या व्यापारी माणसांच्या परिचयाची आहे.

तार आठवते का? २०१३ च्या जुलैत ती सेवा बंद झाली. परंतु तिचा आकार शब्दावर होता हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. म्हणून मोठ्या पेढ्या संकेतशब्दांचे पुस्तक बाळगीत. एका शब्दाचा अर्थ ‘माल रवाना केला’, दुसऱ्याचा ‘भाव उतरला, खरेदी थांबवा’. तेच पुस्तक दोन्ही टोकांना असे, म्हणून एक शब्द पुरे. लग्नाच्या शुभेच्छांच्या तारेतही मजकुराऐवजी छापील यादीतला आकडा सांगितला की काम होत असे. जिफ चित्रातील युक्ती हीच आहे. ठिपक्यांची एखादी ओळ, समजा खाकी, खाकी, खाकी, खाकी, पुन्हा पुन्हा येऊ लागली की तिला एक क्रमांक मिळतो आणि पुढे नुसता क्रमांक लिहिला जातो. गंमत अशी की, येथे संकेताचे पुस्तक पाठवावेच लागत नाही. चित्र लिहिताना जसजसे ते तयार होते तसतसे उघडणारा संगणकही वाचता वाचता आपले पुस्तक तयार करीत जातो. दोन्ही पुस्तके तंतोतंत जुळतात. लेम्पेल आणि झिव्ह या दोन इस्रायली संशोधकांच्या कल्पनेवर टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये बसविलेली ही पद्धत आहे. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला एलझेडडब्ल्यू म्हणतात.

खुद्द जिफचा जन्म १९८७ चा. अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाईट यांच्या चमूने तो घडविला, तोही टेलिफोनच्या संथ तारेवरून चित्र लवकर पोहोचावे म्हणून. (त्याचा उच्चार ‘जिफ’ असाच करावा, असा विल्हाईट यांचा शेवटपर्यंत आग्रह होता, तेव्हा आमच्या घरातील मुले बरोबर आहेत.) १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चौकट किती वेळ थांबावी हे लिहिण्याची सोय आली आणि १९९५ च्या सुमारास नेटस्केपने चित्र पुन्हा पुन्हा फिरविण्याची सोय जोडली. व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावा असा एक धडाही यात आहे. एलझेडडब्ल्यूचे पेटंट युनिसिस कंपनीकडे असल्याचे जगाला १९९४ च्या अखेरीस, जिफ सर्वत्र पसरल्यावर समजले. परवान्याच्या पैशाची मागणी सुरू झाली आणि लोकांनी चिडून पीएनजी हा वेगळा प्रकार निर्माण केला. अमेरिकेतील ते पेटंट २००३ च्या जूनमध्ये संपले. दुसऱ्याच्या जागेत गाळा बांधण्यापूर्वी सातबारा पाहावा, तो असा.

आता प्रश्न असा की, ही युक्ती असूनही २४ मेगाबाईट का? कारण ही पद्धत सारखेपणावर जगते आणि आमच्या चित्रात सारखे काहीच नव्हते.

ते कळावयास मला चार दिवस लागले, आणि त्यापूर्वी एक चूक व्हावी लागली.

चूक सांगतो. मी घाईने, कोणत्याही नवशिक्या अधिकाऱ्याने खर्चकपात करावी तशी, सगळीकडे सरसकट कात्री लावली. लांबी-रुंदी निम्मी केली. त्यामुळे ठिपके चौथाईवर आले. येथे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण हा सर्वांत स्वस्त सौदा आहे. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की क्षेत्रफळ निम्मे होत नाही, पाव होते. आणि फोनच्या पडद्यावर ३२० ठिपके रुंदीचे चित्र कोणास खटकत नाही. नंतर दर पाच चौकटींतील एक ठेवून चार काढल्या. १८० च्या ३६ झाल्या. एकेक चौकट पाचपट वेळ थांबेल असे केले म्हणजे बारा सेकंद बाराच राहिले. रंग २५६ वरून ६४ वर आणले. जिफमध्ये एका चौकटीत २५६ च्या वर रंग मावतच नाहीत. कमी रंग म्हणजे सारखे ठिपके अधिक आणि प्रत्येक ठिपक्याला लागणारी जागाही कमी. फाईल ९४० किलोबाईटची झाली. पुतण्या खूश. ती पानावर चढविली आणि मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगलीची गाडी धरून गावी गेलो.

ओसरीच्या खांबापाशी वहिनींनी फोन धरला. या वेळी पांढरा चौकोन भरला. दादा हलले. वहिनींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, दोनदा-तीनदा चित्र फिरू दिले. मग म्हणाल्या, “दोरा कुणी तोडला?”

मला कळले नाही.

“पुडीला वेढे घेतात, गाठ मारतात आणि एकदम पुडी गिऱ्हाइकापुढे. दोरा कुणी तोडला, भाऊजी?”

ज्यांनी जुनी दुकाने पाहिली आहेत त्यांना आठवेल. गादीच्या वर, आढ्याला टांगलेल्या गुंड्यातून दोरा खाली लोंबत असे. पुडीला आडवे-उभे वेढे झाले की दुकानदार तो दोरा डाव्या तर्जनीभोवती फिरवून उजव्या हाताने असा हिसका देई की तो नेमका गाठीपाशी तुटे. कात्री नाही, दात नाही. हिसका चुकला तर गाठ सुटे किंवा बोट कापे. दादांनी मला तो लहानपणी शिकवून पाहिला आणि अखेर म्हणाले, “तू बँकेतच जा, तुझ्या पुड्या घरी पोहोचायच्या नाहीत.” तो हिसका सेकंदाच्या पाव भागात होऊन जातो. १८० चौकटींत तो चार चौकटींत होता. दर पाचवी चौकट ठेवण्याच्या माझ्या न्याय्य, समान, कोणावर अन्याय न करणाऱ्या पद्धतीत त्या चारही गेल्या होत्या.

त्या दिवशी ओसरीवर मी वहिनींच्या फोनमध्ये जागा किती उरली आहे तेही पाहिले. जवळजवळ नव्हतीच. भरली होती ती फुलांच्या, उगवत्या सूर्याच्या, लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या सुप्रभात-चित्रांनी, आणि पर्युषणानंतर क्षमापनेच्या दिवशी आलेल्या शेकडो हलत्या संदेशांनी. पाठविणाऱ्यांत सर्वांत वरचे नाव माझे होते. निवृत्तीनंतर रोज सकाळी सहा वाजता साऱ्या गोतावळ्याला एकेक चित्र पाठविण्याचा माझा नेम होता. क्षमा मागणारे संदेश दुसऱ्याच्या फोनवर इतके ओझे टाकीत असतील, हे मला कधी सुचले नव्हते. तास-दीड तास बसून मी ते सारे पुसले. वहिनी म्हणाल्या, “राहू द्या की, तुम्ही पाठवलेले आहेत.” हे वाक्य मला लागले, हे कबूल करतो. तो नेम मी त्या दिवसापासून सोडला आहे.

पुण्याला परतण्यापूर्वी मी वहिनींना विचारले की, चित्र कापावे लागेल. दादांचा चेहरा ठेवू की हात? दोन्ही ठेवले तर हात लहान होतात. त्यांनी विचार करावयास क्षणही घेतला नाही. “चेहरा भिंतीवर आहे. हात कुठेच नाहीत.”

मग मी खतावणी उघडली. जिम्प नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात चित्र उघडले की सगळ्या चौकटी एकाखाली एक ओळीने दिसतात आणि प्रत्येकीच्या नावापुढे ती किती मिलिसेकंद थांबते ते लिहिलेले असते. तो आकडा आपण हाताने बदलू शकतो. (अशी कामे फुकटात करून देणारी संकेतस्थळेही आहेत. दुकानाच्या मालाच्या चित्रांना ती खुशाल वापरावीत. घरच्या माणसांची चित्रे मात्र मी परक्या ठिकाणी चढवीत नाही; बँकेतली सवय.) मी वहीत १ ते १८० आकडे मांडले आणि प्रत्येकापुढे दादा काय करीत आहेत ते लिहीत गेलो.

या कामात जे दिसले ते ४० वर्षे शेजारी बसून मला दिसले नव्हते. पहिल्या ३८ चौकटींत दादा काहीच करीत नाहीत. ते तागडीचा काटा स्थिर होण्याची वाट पाहत आहेत. त्या ३८ मधून तीन ठेवल्या आणि त्यांना लांब मुदत दिली, म्हणजे वाट पाहणे तेवढेच राहिले आणि जागा वाचली. नंतर कागदाची सुरळी होते, माल आत ओततात, तोंड दुमडतात. येथे दर तिसरी चौकट पुरली. वेढ्यांपाशी दर दुसरी. १५१ ते १५४, म्हणजे हिसका, चारही जशाच्या तशा. शेवटी दादा पुडी क्षणभर उलटी धरतात. गळत नाही हे गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी. त्यालाही दोन चौकटी दिल्या. एकूण ५२ राहिल्या. ठरावीक अंतराने घेतलेल्या ३६ पेक्षा या अधिक, तरीही एका मेगाबाईटच्या आत बसवायच्या होत्या. तेव्हा आता दुसरीकडे खर्च शोधणे भाग होते.

तो दोन ठिकाणी सापडला.

पहिला, वरच्या कोपऱ्यातील पंखा. दुकानात पंखा फिरत होता आणि त्याची पाती प्रत्येक चौकटीत निराळी. जिफमध्ये मागच्या चौकटीपेक्षा जेवढे बदलले तेवढ्याचाच चौकोन लिहून ठेवता येतो. बाकीचे ‘मागील प्रमाणे’. आपण वहीत ‘सदर’ लिहितो तसे. पंखा वर कोपऱ्यात आणि हात खाली मध्यावर असले म्हणजे तो चौकोन दोघांना पोटात घेता घेता जवळजवळ सगळे चित्र व्यापतो. हातांपुरते चित्र कापताच पंखा आपोआप गेला.

दुसरा खर्च अधिक छुपा होता. तो होता नातीच्या हाताचा कंप. ती तेव्हा नऊ वर्षांची. फोन दोन्ही हातांनी घट्ट धरूनही तो केसभर हलत होता. डोळ्याला ते जाणवत नाही. पण संगणकाच्या दृष्टीने फोन एक ठिपका सरकला की मागचे डबे, गल्ला, वह्या, सगळे ‘बदलले’. स्थिर वस्तूंचा खर्च दर चौकटीला नव्याने पडत होता. २४ मेगाबाईटपैकी मोठा वाटा दादांच्या हातांचा नव्हताच. तो त्यांच्यामागच्या डब्यांचा होता.

येथे मी नातीला बोलावले. ती आता महाविद्यालयात आहे. तिने एक चांगली चौकट निवडली आणि तिच्यातील डबे, गल्ला हीच सर्वांची पार्श्वभूमी ठरविली. मग उरलेल्या ५१ चौकटी एक-दोन ठिपके इकडेतिकडे सरकवून तिच्यावर जुळविल्या आणि त्यांतील हात, कागद व दोरा एवढेच ठेवून बाकीचे पुसले, म्हणजे खालून तीच स्थिर पार्श्वभूमी दिसू लागली. दोन संध्याकाळी ती पुशीत बसली आणि मी शेजारी बसून दोरा कोठे आहे ते सांगत होतो, कारण पांढरा दोरा पांढऱ्या सदऱ्यावर तिला दिसेना. मधेच म्हणाली, “आजोबा, मी तेव्हा स्टँडवर ठेवून काढायला हवं होतं.” मी म्हटले, तेव्हा तू काढलेस हेच पुष्कळ झाले. कोणाला दुकानातील मालाचे असे चित्र नव्याने काढायचे असेल त्यांनी मात्र फोन पोत्याला टेकवून ठेवावा. निम्मे काम तेथेच होते.

रंगांचे सांगावयाचे राहिले. ६४ वर मी आधीच आलो होतो. लोभ सुटला म्हणून १६ करून पाहिले. फाईल छान लहान झाली, पण हात मातीच्या मूर्तीसारखे दिसू लागले. मनगटावरच्या शिरा गेल्या. ३२ वर शिरा आल्या, परंतु खाकी कागद आणि कातडी यांचा रंग एकच झाला आणि हात कोठे संपतो ते कळेना. ६४ वर परत आलो. अशा वेळी प्रोग्रॅम ‘डिदरिंग’ करू का, असे विचारतो. म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण करणे. डोळ्याला ते सुखद असते, पण सारखेपणा मोडतो, आणि आपण पाहिलेच की सगळी बचत सारखेपणावर आहे. ते मी बंद ठेवले. त्यामुळे दादांच्या बाहीवर छायेच्या जरा पायऱ्या दिसतात. दिसू देत.

शेवटी प्रोग्रॅमला बदललेले चौकोन तेवढे ठेवण्याची आज्ञा दिली. फाईल भरली ६८० किलोबाईट. एका फ्लॉपीत दोन प्रती मावतील.

जाणकार वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? एमपी४ चलचित्र लावले असते तर मूळ बारा सेकंद याहून चांगल्या दर्जात आणि थोडक्या जागेत मावले असते. बरोबर आहे. जिफ ही हलत्या चित्रांसाठी उधळी पद्धत आहे. व्हॉट्सॲपदेखील आपण दिलेले जिफ आतल्या आत चलचित्रात बदलून पाठविते. ज्यांना आपल्या दुकानाचे पान करायचे असेल त्यांनी मूक चलचित्रच लावावे, किंवा हलते वेबपी वापरावे. माझे अनुकरण करू नये. आम्ही ते आधी करून पाहिले होते. वहिनींच्या फोनवर डेटा वाचविण्याची सोय चालू असल्याने चलचित्र आपोआप सुरू होत नसे. त्यावर एक त्रिकोण येई आणि तो दाबावा लागे. वहिनींचा हात आता थरथरतो. त्रिकोण दाबायला गेल्या की बोट सरके आणि गुळाचा भाव उघडे. डेटाची सोय बंद केली तर महिन्याचे पैसे दहा दिवसांत संपत. म्हणून जिफ.

पुतण्याने नवे चित्र चढविले. त्याचे वडील केवळ हातांपुरते उरले याचे त्याला थोडे वाईट वाटले. पण पान झटकन उघडते याचे समाधानही होते. त्याने मला तसे काही बोलून दाखविले नाही. फक्त विचारले की, मूळ २४ एमबीची फाईल आहे ना? आहे. नातीने टिपलेले मूळ चित्रणही आहे. एक प्रत माझ्या संगणकात, एक पेनड्राइव्हवर त्याच्याकडे आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. पूर पाहिलेल्या माणसाने एका ठिकाणी काही ठेवू नये.

महावीर जयंतीला आम्ही सगळे गावी जमलो. जेवणे झाल्यावर वहिनी फोन घेऊन आपणहून खांबापाशी गेल्या. नातीने पान उघडून दिले. मी मुद्दाम लांब, झोपाळ्यावर बसलो. शाखा तपासणीच्या दिवशी बसत असे तसा. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचा डावा हात मात्र मांडीवर हलत होता. तर्जनीभोवती काहीतरी फिरवीत होता.

“आता दोरा तुटला,” त्या म्हणाल्या.

मग आणखी एकदा चित्र फिरू दिले आणि नातीकडे वळून म्हणाल्या, “ही जिऱ्याची पुडी आहे. हळदीला ते कागद दुहेरी घेत.”